चावी फिरवायच्या आधीची दोन मिनिटं

परवा फोनवर तुझा आवाज ऐकला आणि सगळं कळलं गं. लायसन्स हातात आलं, घरचे कौतुक करताहेत, पण दारात उभी असलेली इको व्हॅन बघितली की तुझ्या पोटात गोळा येतोय. खरं सांगू का, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ज्याला गाडीची काहीच भीती वाटत नाही, त्याच्या शेजारी बसायला मला नको वाटतं. तू क्लासच्या छोट्या गाडीवर हात बसवलास आणि आता एकदम व्हॅन हातात आली. त्यात पोरं, त्यांची दप्तरं, सासऱ्यांना, म्हणजे आबांना, दवाखान्यात न्यायचं, मळ्यातून येताना डाळिंबाचे क्रेट आणायचे. कुणीही बावरेल. पण बघ, जी बाई पहाटे उठून मजुरांच्या भाकरी थापून, पोरांचे डबे भरून साडेसातला शाळेच्या दारात पोचवते, तिला व्हॅन जड नाही. तिची रीत तेवढी समजून घ्यायची.

मी शिकले ती ओम्नीवर. मारुतीची ही डबा गाडी १९८४ साली आली आणि २०१९ मध्ये बनायची थांबली. २०१० मध्ये आलेल्या इकोने आपल्या कसमादे भागात तिची जागा घेतली. दोघींची ठेवण एकच आहे. मागे सरकतं दार, पुढच्या सीटखाली इंजिन आणि नाक आखूड. हे तीन मुद्दे डोक्यात ठेव, बाकीचं त्यातूनच येतं.

आधी दाराचं सांगते. सरकतं दार लावलं की ‘खट्’ असा आवाज येतो आणि आपल्याला वाटतं, झालं. पण ते दार दोन टप्प्यांत बसतं. पहिल्या आवाजाला ते नुसतं अडकतं, दुसऱ्याला घट्ट बसतं. अर्धवट अडकलेलं दार लांबून लावल्यासारखंच दिसतं. म्हणून दार लावल्यावर बाहेरून हाताने एकदा ओढून बघायचं. उघडतानाही शेवटपर्यंत सरकव, म्हणजे ते तिथे अडकून राहतं. अर्ध्यात सोडलेलं दार उतारावर आपल्या वजनाने घरंगळत येतं, आणि नेमकी त्याच वेळी पोरं चढत असतात.

माझ्या हातून हे घडलंय. मी पुढे बसूनच, मागे न बघता, “लाव गं दार” म्हणाले आणि धाकट्या पुतणीचं बोट सापडलं. नख काळं पडून गळालं, पोर रात्रभर कण्हत होती. त्या दिवसापासून आमच्या घरात एक नियम झाला. सरकतं दार मोठं माणूसच लावणार, आणि लावण्याआधी मोठ्याने “हात वर!” म्हणणार. पोरं खेळ समजून हात वर करतात, आणि बोटं दारापासून लांब जातात. तूही करून बघ. साडीचा पदर, ओढणी, दप्तराचा बंद आत घेतलाय का, तेही त्याच वेळी बघून घे.

दाराच्या कडेला चाइल्ड लॉकची छोटी खिट्टी असते, ती लावून ठेव. मग आतून कितीही ओढलं तरी दार उघडत नाही, बाहेरून मात्र उघडतं. पाच कंदील चौकात गर्दीत गाडी उभी केलीस आणि मागच्याने उत्साहात दार उघडलं, तर बाजूने येणारा मोटारसायकलवाला कुठे जाईल? तुझ्या स्वतःच्या दारालाही हेच लागू. ते डाव्या हाताने उघडत जा. हात अंगावरून आडवा न्यावा लागतो, म्हणून खांदा आपोआप वळतो आणि मागचा रस्ता दिसतो. हॉलंडमध्ये रस्त्यावर सायकली फार, तिथे लोक दाराच्या लांबच्या हाताने दार उघडायला शिकतात. आठ दिवसांत सवय होईल बघ. आणि दार ज्या पट्टीत सरकतं, ती आठवड्याला झाडून काढ. कांद्याची साल, माती, पोरांनी सांडलेले शेंगदाणे तिथे साचतात, मग दार नीट बसत नाही आणि आपण दाराला दोष देतो.

आता सीट. यात बायका सगळ्यात जास्त संकोचतात, कारण घरची गाडी म्हणजे सीट नवऱ्याच्या मापाची. आपण जुळवून घेतो. इथे जुळवून घ्यायचं नाही गं! क्लच शेवटपर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाठ टेकवून हात पुढे केलेस तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. तेवढं जमलं की सीट बरोबर. मात्र स्टिअरिंगला चिकटून बसू नकोस. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर छाती आणि चाक यांत निदान वीतभराहून जरा जास्त, म्हणजे पंचवीस सेंटिमीटर तरी अंतर हवं, कारण ती फुगते ती डोळ्याचं पातं लवायच्या आत. सीट सरकवून झाली की बसल्याबसल्या अंगाने पुढे-मागे जोर दे. टिक करून खाच बसली पाहिजे. चालत्या गाडीत सीटच्या दांड्याला हात लावायचा नाही, अगदी कितीही अवघडलं तरी. ब्रेक दाबताना सीट मागे घसरली तर पाय ब्रेकपर्यंत पोचणारच नाही.

आणि हे व्हॅनवालीलाच सांगावं लागतं. इंजिन सीटखाली, म्हणून सर्व्हिसिंगला सीट उचलतात. गॅरेजमधून गाडी आली की पहिलं काम म्हणजे दोन्ही पुढच्या सीट हलवून बघायच्या, नीट अडकल्यात का. मेकॅनिक कितीही ओळखीचा असू दे, बघायचं म्हणजे बघायचं.

स्टिअरिंगचं तुला वाटतं तेवढं नाही. जुन्या इकोला पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे उभ्या गाडीत चाक फिरवायला गेलीस तर दंड भरून येतील. गाडी अगदी मुंगीच्या पावलाने हलू दे आणि मग वळव, निम्म्या ताकदीत वळते. दोन्ही हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर. पुढची चाकं जवळजवळ तुझ्या पायांखाली आहेत, म्हणून छोट्या गाडीपेक्षा वळण जरा उशिरा घ्यायचं, नाहीतर मागचं चाक कट्ट्यावर चढतं. बंधाऱ्याकडच्या मोकळ्या रस्त्यावर दोन रविवार हेच कर. रिकामे क्रेट ठेव आणि त्यांच्यामधून वळव.

एक दिवस तुझी चावी फिरणार नाही. माझी फिरली नव्हती. आईला घेऊन नाशिकच्या दवाखान्यात निघाले होते, वेळ ठरलेली, आणि चावी घट्ट. मला वाटलं, मी काहीतरी मोडलं. रडू आलं. शेजारच्या काकांनी येऊन स्टिअरिंग जरासं डावीकडे-उजवीकडे हलवलं आणि चावी फिरली. चावी काढल्यावर चाक फिरवलं की स्टिअरिंगला कुलूप बसतं, चोरी होऊ नये म्हणून. एका हाताने चाक हळू हलवायचं, दुसऱ्याने चावी फिरवायची, इतकंच.

पण त्याच कुलपामुळे एक गोष्ट जन्मात करायची नाही. आपल्याकडे भावडबारीचा घाट उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणारे शहाणे आहेत. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार दाबांत संपते, पेडल दगडासारखं होतं. आणि चुकून चावी काढली गेली तर वळणावर स्टिअरिंगलाच कुलूप. घाटात गाडी गिअरमध्येच उतरवायची, चढताना जो गिअर लागतो साधारण त्याच गिअरमध्ये. वाचलेल्या चमचाभर पेट्रोलची किंमत कुणाच्या जिवाएवढी नसते.

आता पट्ट्याचं. इथे मी थोडी दटावणार आहे, वाईट वाटून घेऊ नकोस. आधी एक काम कर. मागच्या सीटचं कव्हर वर उचल आणि पट्ट्याची लाल बटणाची बक्कलं शोध. आमच्या गाडीत ती चार वर्षं कव्हरखाली गाडलेली होती. मी काढली तेव्हा एकात केसातली पिन निघाली, दुसऱ्यात वणीच्या गडावरून आणलेल्या प्रसादाचा चिकट फुटाणा. पट्टा होता, पण लावायला जागाच नव्हती. बक्कलं वर काढ, सुक्या फडक्याने पूस, कव्हरला भोकं पाड. प्रत्येक पट्टा झटका देऊन ओढून बघ. हळू ओढला तर सुटत यावा, झटक्याला जागीच अडकावा. अडकत नसेल तर मेकॅनिककडे ने.

लावायचा कसा, तेही बघ. खालचा पट्टा पोटावर घ्यायचा नाही, कमरेच्या हाडांवर घ्यायचा. वरचा खांद्याच्या मधून, छातीवरून. काखेतून काढायचा नाही, पीळ पडू द्यायचा नाही. तुझी नणंद गरोदर आहे ना? तिलाही पट्टा लावायचाच. खालचा भाग पोटाच्या खालून, वरचा पोटाच्या बाजूने. हा तीन ठिकाणी अडकणारा पट्टा १९५९ मध्ये स्वीडनच्या निल्स बोलिन या इंजिनिअरने व्होल्वो कंपनीसाठी बनवला, आणि कंपनीने तो सगळ्यांना वापरायला मोकळा ठेवला. माणूस वाचावा म्हणूनच ना?

“मागे बसल्यावर कशाला?” असं सगळे म्हणतात. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी आदळली. गाडी भारीतली होती. पुढचे दोघे जखमी झाले पण वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचा मित्र गेले, आणि मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता. कायद्यानेही मागच्याला पट्टा लागतो. न लावल्यास हजार रुपये दंड, आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला न बांधता नेलं तरी तेवढाच.

बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसायचं, हे तर आपल्या बायकांचं ठरलेलं. मला ते बघून पोटात कालवतं. साधा हिशोब सांगते. ताशी पन्नासच्या वेगाची गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोच्या बाळाला धरून ठेवायला जवळजवळ एकशे चाळीस किलोचा जोर लागतो. म्हणजे कांद्याच्या तीन गोण्या झाल्या. कुठल्या आईच्या हातात तेवढं बळ आहे? माया कमी पडत नाही गं, हात कमी पडतात. तान्ह्यासाठी मागच्या सीटवर मागे तोंड असलेली बाळाची खुर्ची घे, मोठ्या पोरांना ज्याचा त्याचा पट्टा. एका पट्ट्यात दोन पोरं नाहीत. जितके पट्टे, तितकीच माणसं. आणि क्रेट, हंडा, पाण्याचा जार मागच्या सीटच्या पाठीला टेकवून दोरीने बांध. सुटं सामान धडकेत माणसाच्या डोक्याकडेच येतं.

आता तुझी खरी अडचण. तू म्हणालीस, “ताई, आबांना पट्टा लावा असं मी कसं सांगू?” मला कळतं. सासऱ्यांना सांगायचं म्हणजे जीभ जड होते. मी काय केलं ते सांगते. मी माझ्या सासऱ्यांना सांगितलंच नाही. मी स्वतः वाकून त्यांचा पट्टा ओढला, बक्कलात लावला आणि म्हणाले, “तुम्ही नीट बसल्याशिवाय माझा हात चावीकडे जात नाही.” पहिल्या दिवशी ते काही बोलले नाहीत. महिन्याभराने बघते तर मी यायच्या आत पट्टा लावून बसलेले! मोठी माणसं मानासाठी अडतात, आणि काळजीने केलेलं त्यांना कळतं.

आपल्या देवळा तालुक्याला रस्त्याचं काही वेगळं सांगायला नको. २८ जानेवारी २०२० ला मेशी फाट्याजवळ एसटी आणि रिक्षाची टक्कर झाली, दोन्ही रस्त्याकडच्या विहिरीत गेल्या, वीसहून अधिक माणसं गेली. त्या दिवशी आजूबाजूच्या किती गावांत चुली पेटल्या नाहीत, ते तुला मी सांगायला नको. पट्ट्याने ते टळलं असतं असं मी म्हणत नाही. समोरून कोण कसा येईल, ते आपल्या हातात नसतं. म्हणून जे हातात आहे, ते तरी सोडायचं नाही.

तर एवढंच कर. निघताना घाई असली तरी दोन मिनिटं स्वतःची ठेव. दार ओढून बघ, सीट हलवून बघ, चाक मोकळं आहे का बघ, मागे वळून एकेकाचा पट्टा बघ. कुणी “चल ना लवकर” म्हणालं तरी हसून थांब. गाडी कुणाच्याही नावावर असू दे, चालवणारी तू आहेस, तुझा शब्द चालला पाहिजे. आणि उद्या पोरांना शाळेत सोडून आलीस की मला फोन कर. कशी चालवलीस ते मग निवांत सांग. आधी एवढंच सांग, सगळ्यांनी पट्टे लावले होते ना?