अधांतरी स्थिर राहण्याची विद्या

२०२३ सालच्या जुलै महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात मुसळधार पाऊस झाला. २२ जुलै रोजी महागाव तालुक्यातील आनंदनगर येथे पुराच्या पाण्याने माणसांना वेढले आणि त्यांच्या सुटकेसाठी वायुसेनेच्या हेलिकॉप्टरांची मदत मागविण्यात आली. विमानाला धावपट्टी लागते. पाण्याला फार ओढ असली तर होडीचा उपयोग होत नाही. हेलिकॉप्टर मात्र माणसाच्या थेट डोक्यावर येऊन थांबू शकते.

विद्यार्थी मित्रहो, यातले हे 'थांबणे' वाटते तितके सोपे नाही. ते ज्यांनी साधले आणि पुढे जे संपूर्ण वायुसेनेचे प्रमुख झाले, अशा एका वैमानिकाची ही ओळख आहे.

दरीवर लटकलेला पाळणा

हिमाचल प्रदेशात परवाणू येथे एका खोल दरीवरून तारेवरचा पाळणा जातो. १३ ऑक्टोबर १९९२ रोजी तो ओढणारी तार तुटली. पाळणा प्रवाशांसह दरीवर लटकत राहिला. पाळण्याचा चालक उडी मारून बाहेर पडला, पण तो दगावला. आत दहा माणसे उरली.

उत्तर प्रदेशातील सरसावा येथील वायुसेनेच्या हेलिकॉप्टर तुकडीला पाचारण करण्यात आले. तिचे प्रमुख होते ग्रुप कॅप्टन फली होमी मेजर. ('मेजर' हे त्यांचे आडनाव, हुद्दा नव्हे!) ते स्वतः एमआय-१७ जातीचे हेलिकॉप्टर घेऊन निघाले. भूसेनेच्या छत्रीधारी दलातील मेजर इव्हान क्रॅस्टो यांना विंचच्या दोराने खाली पाळण्यावर सोडायचे आणि एकेका प्रवाशाला वर ओढून घ्यायचे, असे ठरले.

तीन अडचणी

पहिली अडचण वाऱ्याची. हेलिकॉप्टरचा पंखा हवा खाली ढकलतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे तितक्याच बलाने हवा पंख्याला वर ढकलते. एमआय-१७ च्या पंख्याचा व्यास २१ मीटरांहून थोडा अधिक असतो. हेलिकॉप्टरचे वजन ११ टन धरले, तर खाली जाणाऱ्या हवेचा वेग ताशी सुमारे ८० किलोमीटर येतो. म्हणजे ज्यांना वाचवायचे, त्यांच्यावरच वादळ सोडण्यासारखे झाले! शिवाय पाळण्याच्या तारा वरच असल्याने पंख्याची पाती त्यांना लागण्याचा धोका होता. म्हणून बरेच उंच थांबणे भाग होते.

त्यातून दुसरी अडचण उभी राहिली. उंची वाढली की दोर लांब सोडावा लागतो आणि दोराला बांधलेला माणूस दोलकासारखा झुलू लागतो. दोर ९ मीटरांचा असेल तर एका दोलनाला सुमारे ६ सेकंद लागतात. तो ३६ मीटरांचा केला तर १२ सेकंद लागतात. एवढा सावकाश झोका चटकन आवरता येत नाही. वैमानिक दर झोक्याबरोबर हेलिकॉप्टर हलवू लागला, तर झोका वाढण्याचीच भीती अधिक.

तिसरी अडचण दृष्टीची. वैमानिकाला आपल्या थेट खाली काय आहे ते दिसत नाही. दाराशी बसलेला सहकारी खाली पाहून "थोडे डावीकडे, थोडे पुढे" असे सांगत राहतो आणि वैमानिक त्याच्या शब्दावर यंत्र हलवितो. वैमानिकाचे हात आणि सहकाऱ्याचे डोळे मिळून हे काम पुरे होते.

अशा रीतीने काही प्रवासी वर घेण्यात आले. अंधार पडला तेव्हा काम थांबवावे लागले. पण क्रॅस्टो परत फिरले नाहीत. उरलेल्या प्रवाशांना धीर देत ती रात्र त्यांनी पाळण्यातच काढली. दुसऱ्या दिवशी उरलेल्यांचीही सुटका झाली. आतले दहाही जण वाचले. क्रॅस्टो यांना कीर्तिचक्र आणि फली मेजर यांना शौर्यचक्र देण्यात आले.

वैमानिक ते सरसेनापती

फली मेजर यांचे शालेय शिक्षण सिकंदराबादला झाले. १९६७ च्या डिसेंबरात ते वायुसेनेत अधिकारी झाले. त्यांनी ७,००० तासांहून अधिक उड्डाण केले. त्यात सियाचेनसारख्या प्रदेशातील उड्डाणेही होती. साडेपाच किलोमीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा होतो. विरळ हवेत पंख्याला आधार कमी मिळतो, म्हणून तेथे वाहून नेण्याच्या प्रत्येक किलोचा हिशेब करावा लागतो.

डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामीचे संकट आले, तेव्हा ते दिल्लीत होते. तिन्ही सेनादलांच्या मदतकार्याची घडी बसविण्याचे काम त्यांच्याकडे होते. ३१ मार्च २००७ रोजी ते वायुसेनाप्रमुख झाले. त्यापूर्वी हेलिकॉप्टरचा एकही वैमानिक या पदावर पोहोचला नव्हता. लढाऊ विमाने चालविणाऱ्यांकडेच ते बहुधा जात असे. ३१ मे २००९ रोजी ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आले मूळचे नागपूरचे प्रदीप वसंत नाईक.

सेनापतीलाही सगळे स्वतःच्या डोळ्यांनी दिसत नाही. दूरच्या माणसाच्या शब्दावर विसंबून, आपला हात न थरथरू देता निर्णय घ्यावा लागतो. दरीवर थांबलेला वैमानिक हेच करीत असतो.

करून पाहा

एक दगड दोऱ्याला बांधून टांगा. दोऱ्याची लांबी दगडाच्या मध्यापर्यंत २५ सेंटिमीटर ठेवा. लहानसा झोका देऊन दहा दोलनांना लागणारा वेळ मोजा. तो सुमारे १० सेकंद येईल. आता लांबी १०० सेंटिमीटर करा. वेळ चौपट होतो की दुप्पट? दगड बदलून पाहा. वजनाने फरक पडतो का?

विचार करा

१. पुरात छपरावर अडकलेल्यांनी हेलिकॉप्टर येण्यापूर्वी सुटे पत्रे व कपडे का दूर करावेत?
२. उन्हाळ्याच्या दुपारी यवतमाळला हेलिकॉप्टर थंडीतल्या पहाटेपेक्षा कमी वजन उचलू शकेल. ते का?