राखणीच्या कुत्र्याची लूत

राखणीच्या कुत्र्याचे केस झडू लागले म्हणजे त्यास इंजिनाचे जळके तेल चोपडण्याची, किंवा फवारणीचे उरलेले औषध अंगावर ओतण्याची चाल कित्येक ठिकाणी आहे. हे उपाय रोगाहूनही घातक होत. कुत्रा आपले अंग सतत चाटतो. सबब कातडीवर घातलेले विष त्याच्या पोटात जातेच. सन २०१७ च्या ऑगस्टात आपल्या पनवेलनजीकच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत रंगद्रव्याने कुत्री निळी झाली, तेव्हा मुख्य भय हेच होते.

मेक्सिको व पेरू या देशांत केस नसलेल्या कुत्र्यांच्या स्वतंत्र जाती आहेत. त्यांतील आनुवंशिक दोष २००८ साली सापडला. तो आईबापांपैकी एकाकडून आल्यास पिलू केसांवाचून जन्मते व त्याचे दातही अपुरे राहतात. दोघांकडून आल्यास ते गर्भातच मरते. अशा कुत्र्यांची कातडी उन्हाने भाजते व तीवर पुटकुळ्या येतात, परंतु केस नसणे हा तेथे रोग नव्हे. आपल्या गावठी कुत्र्याचे केस गेले, तर मात्र रोगच समजावा.

तो कोणता, हे आधी ठरविले पाहिजे. खरजेच्या किडीने कानांच्या कडा, कोपरे व पोट उघडे पडते आणि अहोरात्र खाज सुटते. कानाची कड बोटांत धरून चोळली असता कुत्रा बहुधा मागचा पाय खाजविल्यासारखा हलवू लागतो. ही खरूज इतर कुत्र्यांस लागते, घरच्या माणसांच्या हातांवरही पुरळ उठविते. दुसऱ्या प्रकारची कीड केसांच्या मुळांशी राहते व पिलास आईच्या अंगावरून येते. तिचे चट्टे डोळ्यांभोवती व पुढच्या पायांवर पडतात. आरंभी खाज बेताचीच असते, माणसास ती लागत नाही, आणि कित्येक पिले औषधावाचून बरी होतात. वाटोळे चट्टे गजकर्णाचे असू शकतात. ते मुलांना लवकर जडते.

नुसत्या डोळ्यांनी निदान करणे अवघड. पशुवैद्याकडून कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्यावी. गुरांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिन कुत्र्यास अंदाजाने टोचू नये. कॉली जातीच्या व तिच्या संकराच्या कुत्र्यांस ते मेंदूला बाधून प्राणघातक ठरते. हल्ली पोटात देण्याच्या गोळ्यांनी दोन्ही किडी मरतात, मात्र मात्रा वजनावर ठरते. खरूज असल्यास वाड्यातील सर्व कुत्र्यांस एकाच वेळी औषध द्यावे व निजावयाचे गोणपाट जाळून टाकावे.