शाळेची परसबाग : आरंभ तीन वाफ्यांचा

जुलै महिन्यात शाळेच्या आवारात मोठ्या उत्साहाने वीस प्रकारच्या भाज्या लावाव्यात, मुलांनी कुंपण करावे, गावकऱ्यांनी कौतुक करावे. आणि दिवाळीची सुटी संपवून शाळा उघडावी तो वाफ्यांत वाळक्या काटक्या तेवढ्या उभ्या दिसाव्यात, हा अनुभव अनेक शाळांना नवा नाही. अशा वेळी हानी केवळ भाजीची होत नसते. ज्या मुलाने बी पेरले व रोज तांब्याने पाणी घातले, ते मूल ‘केलेले श्रम वाया जातात’ एवढाच पाठ त्यातून शिकते. हा पाठ पुढे पुसून काढणे फार कठीण असते. म्हणून परसबाग किती मोठी आहे, यापेक्षा ती किती दिवस जिवंत राहते, इकडे शिक्षकाने प्रथम लक्ष द्यावे.

प्राथमिक शिक्षणात शेतीच्या प्राथमिक ज्ञानाला स्थान असावे, ही मागणी महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे ठेवली होती. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्धा येथील शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याचा विचार मांडला. आज शालेय पोषण आहारामुळे या विचाराला एक चांगली जोड मिळाली आहे. शाळेत पिकलेली भाजी शाळेतच शिजून मुलांच्या ताटात पडू शकते.

जागा आणि पाणी

समजा, एका दुशिक्षकी शाळेत चाळीस मुले आहेत. तेथे पहिल्या वर्षी तीनच वाफे करावेत. प्रत्येक वाफा सहा फूट लांब व चार फूट रुंद असावा. रुंदी चार फुटांहून अधिक नको; दोन्ही बाजूंनी बसलेल्या मुलांचे हात मध्यापर्यंत पोचले पाहिजेत, म्हणजे वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही व माती दबत नाही. जागा दिवसातून सहा-सात तास ऊन लागेल अशी निवडावी. मोठ्या झाडाच्या सावलीत भेंडी किंवा वांगी धरत नाहीत.

पाण्याचा हिशेब पेरणीपूर्वीच करावा. हिवाळ्यात अशा एका वाफ्याला दिवसाकाठी सुमारे 10 लिटर, म्हणजे बादलीभर पाणी पुरते. चाळीस मुलांनी जेवणापूर्वी हात धुताना प्रत्येकी अर्धा लिटर पाणी वापरले, तर 20 लिटर होते. म्हणजे एरवी आवारात चिखल करणारे हे पाणी दोन वाफ्यांना पुरेसे आहे. ते चर काढून खडी व वाळू भरलेल्या लहान खड्ड्यातून पुढे न्यावे. साबणाचे पाणी पालेभाजीवर घालू नये. भेंडी, वांगी यांच्या मुळांशी द्यावे. भांडी धुतलेले तेलकट पाणी वाफ्यात न सोडता केळीच्या आळ्यात सोडावे. हा हिशेब शिक्षकाने आयता सांगू नये. तिसरी-चौथीच्या मुलांनी मापट्याने पाणी मोजून तो स्वतः मांडावा.

माती, खत व बी

भारी काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साचून मुळे कुजतात. तेथे पावसाळ्यात वीतभर उंचीचे गादीवाफे करावेत. कोकणातल्या मुसळधार पावसातही तेच बरे. पाऊस सरल्यावर मुरमाड, हलक्या जमिनीत मात्र सपाट वाफे करावेत, म्हणजे दिलेले पाणी टिकते.

प्रत्येक वाफ्यात एक-दोन पाट्या पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. खत कुजले की नाही, हे मुलांना हातात घेऊन ओळखू द्यावे. कुजलेल्या खताला शेणाचा वास येत नाही, मातीचा येतो. ते भुसभुशीत असते. ओल्या, कच्च्या शेणाने वाळवी व हुमणी येते आणि कोवळी मुळे करपतात. आवारातला पालापाचोळा जाळू नये. खड्ड्यात पाला, शेण व माती यांचे थर देऊन तो ओलसर ठेवल्यास तीन-चार महिन्यांत खत तयार होते.

बी पेरण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावी. दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. आठवड्यात सात किंवा अधिक बियांना मोड आले, तर बी चांगले. पाचांनाच आले, तर दुप्पट पेरावे. बियांच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल बी जावे, हा साधा नियम. मेथीचे बी बोटभर खोल पुरले, तर ते वर येण्यापूर्वीच दमते. धणे दोन फाकांत रगडून पेरावेत. कारल्याचे बी रात्रभर भिजत घालावे. बी शक्यतो गावातूनच मिळवावे. अनेक घरांतील आजीबाईंच्या गाडग्यात दोडक्याचे, चवळीचे बी राखेत जपून ठेवलेले असते. ते मागण्यास मुलांना पाठवावे. बियांबरोबर माहितीही येते.

सुटी ध्यानात घेऊन लागवड

शेतकऱ्याचे वर्ष ऋतूंनी चालते. शाळेचे वर्ष ऋतू व सुट्या या दोहोंनी. हे न ओळखल्यामुळेच बहुतेक परसबागा वाळतात.

शाळा सुरू झाल्यावर जूनअखेर किंवा जुलैच्या आरंभी एका वाफ्यात भेंडी व दुसऱ्यात चवळी किंवा गवार टोकावी. भेंडी दीड-पावणेदोन महिन्यांत तोडणीस येते. तिसऱ्या वाफ्याच्या कोपऱ्यात वांग्याचे रोप तयार करावे व पाच आठवड्यांनी दोन-दोन फुटांवर लावावे. सहा रोपे पुरेत. तुऱ्हाट्या किंवा बांबूच्या कामट्या यांचे कुंपण करून त्यावर दोडका व कारले चढवावे.

दिवाळीच्या सुटीच्या आदल्या पंधरवड्यात नवे बी मुळीच पेरू नये. तोवर भेंडी व चवळी संपत आलेली असते. वांग्याच्या बुडाशी पालापाचोळ्याचा जाड थर पसरावा, म्हणजे आठवड्यातून दोनदा पाणी दिले तरी भागते. सुटीनंतर मोकळ्या झालेल्या दोन वाफ्यांत मेथी, पालक, मुळा व कोथिंबीर पेरावी. सारी एकदम न पेरता पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने, म्हणजे भाजी एकाच दिवशी न येता टप्प्याटप्प्याने येते. मेथी साधारण महिन्यात काढणीस येते.

एप्रिलमध्ये वाफे रिकामे करून खणून ठेवावेत. उन्हाने माती तापते व त्यातील किडींचे कोष मरतात. मे महिन्यात जपावयाची असतात ती केवळ फळझाडे. म्हणून आरंभी एक शेवगा व एक खड्डा पपईचा, एवढेच लावावे. शेवग्याची मनगटाएवढी फांदी जूनमध्ये लावल्यास ती सहज फुटते. तिचा पालाही शेंगेइतकाच उपयोगी. पपईची तीन रोपे एकत्र लावावीत. नर झाडाला लांब लोंबत्या दांड्यांवर फुलांचे घोस येतात, मादीची फुले खोडालगत येतात. फुले आल्यावर मादी राखावी; परागीभवनासाठी एखादा नर जवळपास असू द्यावा. पपईच्या बुंध्याशी पाणी साचू देऊ नये. उन्हाळ्यासाठी प्रत्येक झाडाजवळ एक मातीचे भाजलेले मडके गळ्यापर्यंत पुरून झाकण ठेवावे. मडके आठवड्यातून दोनदा भरले, की पाणी झिरपत मुळांपर्यंत जाते. शाळेजवळच्या घरांतील मुलांमध्ये ही पाळी सुटीपूर्वी ठरवून ती फळ्यावर लिहावी.

कीड

मुलांच्या हातांनी चालणाऱ्या बागेत विषारी औषधे आणूच नयेत. चवळीच्या शेंड्यावर मावा दिसताच शेंडा खुडावा. वांग्याचा शेंडा मान टाकू लागला, तर आत अळी आहे असे समजून तो कापून नष्ट करावा. भेंडीची पाने पिवळ्या शिरांची झाली, तर ते झाड उपटून टाकावे. तो रोग पांढरी माशी पसरविते. लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबणचुरा घालून फवारल्यास बऱ्याच किडी आवरतात.

श्रमाची वाटणी व फळाची वाटणी

येथवर सांगितले ते तंत्र. परसबागेचे शिक्षण मात्र पुढील तीन गोष्टींवर अवलंबून आहे.

पहिली गोष्ट, बागेचे काम ही शिक्षा होऊ देऊ नये. पाढा चुकलेल्या मुलाला खुरपायला पाठविले, की त्या दिवसापासून सर्व वर्गाच्या मनात खुरपे हलके होते. दुसरी, कामाची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने असावी. मुलांनी खणावे व मुलींनी झाडावे, अमक्यांनी पाणी ओढावे व तमक्यांनी पाहावे, असे वाफ्यावर घडले, तर गावातील जुनी विषमताच आपण शाळेत पुन्हा पेरतो. तिसरी, पहिली भाजी मुलांच्या ताटात गेली पाहिजे. ती पाहुण्यांच्या पिशवीत किंवा शिक्षकाच्या घरी जाऊ नये. मुले हे पाहत असतात. बोलत नाहीत, पण विसरतही नाहीत.

पहिल्या वाफ्यातील मेथी थोडीच निघेल. चाळीस मुलांच्या वरणात ती कदाचित चवीपुरतीच उतरेल. तरीही त्या दिवशी ताटावर बसलेले मूल शेजाऱ्याला ‘ही आमच्या वाफ्यातली’ असे सांगेल. तीन वाफे वर्षभर नीट सांभाळल्यावर चौथा करावा. त्याची मागणी बहुधा मुलेच करतील.