जन्मावरून न्याय करणारें यंत्र

विद्यार्थिमित्रहो, चित्रकथांचें नांव काढतांच वडील मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात आणि तुमचे डोळे मात्र चमकूं लागतात. परंतु १९६४ च्या मार्च महिन्यांत मुंबईहून 'इंद्रजाल कॉमिक्स' निघूं लागल्या, त्यांतला वेताळ मराठींतूनहि बोलूं लागला, आणि १९९० पर्यंत त्या चोपड्या घरोघरीं अभ्यासाच्या पुस्तकाआड वाचल्या जात होत्या. आज पालकांच्या जागीं बसलेल्या पुष्कळांना ही गोष्ट आठवत असेल. तेव्हां चित्रकथा वाचाव्या कीं न वाचाव्या हा वाद बाजूस ठेवून, त्या वाचाव्या कशा, एवढेंच या लेखांत एका उदाहरणानें दाखवावयाचें आहे. तें उदाहरण म्हणजे महावीरांशीं झुंजणारा लढाऊ यंत्रमानव.

प्रथम शब्दाचा विचार करूं. 'यंत्रमानव' हा शब्द आपण 'रोबो' या परकी शब्दासाठीं योजितों. कारेल चापेक या चेक ग्रंथकाराचें 'आर. यू. आर.' हें नाटक १९२० सालीं प्रसिद्ध झालें आणि त्यामुळें तो शब्द जगभर पसरला. चापेकला तो त्याचा भाऊ योसेफ यानें सुचविला होता. 'रोबोटा' या चेक शब्दापासून तो निघाला असून त्याचा अर्थ आपल्या 'वेठ' या शब्दाच्या अगदीं जवळचा आहे. म्हणजे रोबो हा मुळांत वेठीस धरलेला गडी. त्याला मजुरी नाहीं, विसावा नाहीं, आणि दिलेलें काम नाकारण्याची मोकळीक तर नाहींच नाहीं.

शब्द नवा असला तरी कल्पना फार जुनी आहे. अजातशत्रु राजानें बुद्धाच्या अस्थींच्या रक्षणार्थ शस्त्रधारी यंत्रपुरुष उभे केले होते व पुढें अशोकाची त्यांच्याशीं गांठ पडली, अशी कथा एका पाली ग्रंथांत आहे. ग्रीकांच्या पुराणांत क्रीट बेटाभोंवतीं दिवसांतून तीन वेळां फेरी घालणारा व परक्या जहाजांवर धोंडे फेकणारा टालोस नांवाचा काशाचा राक्षस आहे. या दोन्ही कथांत यंत्र उभें केलें आहे तें रक्षणासाठीं. 'रक्षण' हा शब्द ध्यानांत ठेवा. पुढील कथेचा सारा पेंच त्या एका शब्दांत आहे.

अमेरिकेंत १९६३ सालीं स्टॅन ली व जॅक कर्बी यांनीं 'एक्स-मेन' नांवाची चित्रकथामाला सुरू केली. तिच्यांतील महावीर हीं जन्मतःच कांहीं विलक्षण शक्ति घेऊन आलेलीं तरुण मुलें आहेत. अशांना त्या कथेंत 'म्युटंट' म्हणतात. कोणाच्या डोळ्यांतून प्रखर किरण निघतो, कोणी पंखांनीं उडतो, कोणी हवेंतील ओलाव्याचें बर्फ करतो. तीं एका शाळेंत राहतात, गुरुजींच्या शिस्तींत वाढतात, आणि आपली शक्ति लोकांच्या उपयोगी लावतात. तरी लोक त्यांना भितात.

नोव्हेंबर १९६५ च्या चौदाव्या अंकांत 'सेंटिनेल', म्हणजे 'पहारेकरी', प्रथम अवतरले. बोलिव्हर ट्रास्क नांवाचा एक मानवशास्त्रज्ञ वर्तमानपत्रांतून घोष करतो कीं, हे म्युटंट एके दिवशीं साऱ्या मानवजातीला गुलाम करतील. पुरावा थोडा, भय मात्र उदंड. त्या भयापोटीं तो माणसाहून कितीतरी उंच असे पोलादी यंत्रमानव बनवितो. काम एकच: मानवजातीचें रक्षण. परंतु दूरचित्रवाणीवर सर्वांसमक्ष तो त्यांना आणतो तोंच ते निर्मात्यावरच उलटतात. त्यांचा हिशेब असा कीं, आम्ही माणसांहून श्रेष्ठ आहों. सबब माणसांचें रक्षण करावयाचें तर आम्हींच त्यांच्यावर राज्य केलें पाहिजे. जानेवारी १९६६ च्या सोळाव्या अंकांत ट्रास्कला उमजतें कीं आपण ज्यांना शत्रु समजलों तीं मुलें शत्रु नव्हतीं. तेव्हां तो आपल्याच हातांनीं पहारेकऱ्यांचा कारखाना उडवून देतो व त्यांतच त्याचा अंत होतो.

याच्या पुढची कथा १९६९ सालीं आली, ती अधिक विचार करावयास लावणारी आहे. ट्रास्कचा मुलगा लॅरी बापाच्या मृत्यूचा दोष म्युटंटांवर ठेवून नवे पहारेकरी उभे करतो आणि त्यांना पकडण्याचा सपाटा लावतो. त्याच्या गळ्यांत बापानें दिलेलें एक पदक असतें. त्याच्याच बाजूचा एक न्यायाधीश झटापटींत तें ओढून काढतो, आणि त्या क्षणीं पहारेकरी जाहीर करतो कीं हा लॅरीहि म्युटंटच आहे! बापाला हें ठाऊक होतें. मुलाची शक्ति झांकण्यासाठींच त्यानें तें पदक दिलें होतें. दुसऱ्यांचीं मुलें संकट म्हणून ओरडणाऱ्या माणसाच्या घरींच तसें एक मूल वाढत होतें. आणि यंत्राला मालकाचा मुलगा व शत्रूचा मुलगा यांत भेद दिसला नाहीं. त्याला जेवढें पाहावयास शिकविलें होतें तेवढें त्यानें पाहिलें.

त्या पहारेकऱ्यांचा शेवटहि बोधप्रद आहे. महावीर त्यांना बळानें जिंकीत नाहींत. त्यांचा नायक त्यांना युक्तिवादानें पटवितो कीं, म्युटंट निर्माण होण्याचें मूळ कारण सूर्याचे किरण. तेव्हां मूळ उपटावयाचें तर सूर्याकडेच गेलें पाहिजे. आणि ते सारे एका ओळींत सूर्याकडे उडून जातात! आज्ञेचा शब्द त्यांना कळला, परंतु शहाणपण कळलें नाहीं.

पुढें १९८१ सालीं ख्रिस क्लेरमाँट व जॉन बर्न यांनीं याच मालेच्या १४१ व १४२ या अंकांत एक भविष्यकथा रचली. तिच्यांत २०१३ सालची अमेरिका दाखविली असून तेथें पहारेकऱ्यांचें राज्य झालें आहे; बहुतेक महावीर थडग्यांत आहेत, उरलेले छावणींत कोंडलेले आहेत. तीवरून २०१४ सालीं चित्रपटहि निघाला.

आतां कोणी म्हणेल, हें सारें कल्पित. त्यांत शिकावयाचें काय? तर ऐका. ली व कर्बी हे दोघेहि न्यूयॉर्क शहरांत यहुदी स्थलांतरित कुटुंबांत जन्मले होते. कर्बी १९४४ सालीं अमेरिकन सैन्यांतून युरोपांत लढला होता. त्या युरोपांत नाझी राजवटीनें १९३५ च्या कायद्यानें आजोबा-आजी कोण होते एवढ्यावरून माणसाची जात ठरविली, पुढें यहुद्यांना अंगावर पिवळा तारा लावावयास भाग पाडलें, आणि सुमारें साठ लक्ष यहुद्यांचा संहार केला. तेथें पोलादाचे पहारेकरी नव्हते. कारकुनाची दौत, शिपायाचा दंडुका व वरून आलेला हुकूम यांनींच तें यंत्र चाललें.

फार दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. आपल्याच देशांत १८७१ सालीं इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला. कित्येक जमाती त्यानें जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. मुलानें चोरी केली कीं नाहीं हें पाहण्याचें कारणच उरलें नाहीं, त्याचा बाप कोण एवढें पाहिलें म्हणजे झालें. नोंद झालेल्या माणसानें पोलिसांकडे हजेरी द्यावी, परवान्यावांचून गांव सोडूं नये, असे निर्बंध घातले गेले. कांहींना कुंपणाच्या वसाहतींत ठेवण्यांत आलें, आणि अशा कांहीं वसाहतींचा कारभार मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्थांच्या हातीं होता, हेंहि आम्हां ख्रिस्ती लोकांनीं विसरतां कामा नये. स्वातंत्र्यानंतर १९५२ सालीं हा कायदा रद्द झाला आणि त्या जमातींना 'विमुक्त' हें नांव मिळालें. पारध्यांतील कांहीं शाखाहि या कायद्याखालीं भरडल्या गेल्या होत्या. पारध्यांचे बेडे आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत आहेत. कायदा गेला, परंतु वर्गांत कोणाची पेन्सिल हरवली असतां सर्वांच्या माना प्रथम कोणत्या मुलाकडे वळतात, हें प्रत्येकानें आपल्या मनाशीं पाहावें. ज्या मुलाकडे त्या वळतात, त्याच्यापुढें पहारेकरी उभाच आहे.

यंत्र स्वतः दुष्ट नसतें. कापसाचा हंगाम आला म्हणजे आपल्याकडील जिनिंगचे कारखाने रात्रंदिवस चालतात. तेथलें यंत्र सरकी व रुई अचूक वेगळी करतें. परंतु मजुराचा हात रुळांत सांपडला तर 'हा कापूस नव्हे' असें म्हणून तें थांबत नाहीं. थांबविणारा माणूसच असावा लागतो. युद्धाच्या यंत्रासंबंधानें तर हें शतपट खरें आहे. सोव्हिएट रशियांत २६ सप्टेंबर १९८३ रोजीं स्तानिस्लाव पेत्रोव्ह नांवाचा अधिकारी पहाऱ्यावर होता. अमेरिकेनें क्षेपणास्त्रें सोडलीं, एकंदर पांच, असें यंत्र सांगत होतें. त्यानें विचार केला कीं, खरें युद्ध पांचच अस्त्रांनीं कोण सुरू करील? त्यानें ती सूचना खोटी ठरविली, आणि ती खोटीच होती. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशानें यंत्र फसलें होतें. पहाऱ्यावर त्या वेळीं शंका घेणारा माणूस होता, म्हणून केवढा अनर्थ टळला! स्वतःच लक्ष्य निवडून मारणाऱ्या शस्त्रांना मर्यादा असावी कीं नाहीं, यावर २०१४ पासून जिनीव्हा येथें राष्ट्रांच्या प्रतिनिधींच्या बैठका होत आल्या आहेत. चित्रकथेंतला प्रश्न अशा रीतीनें मुत्सद्द्यांच्या मेजावर येऊन बसला आहे.

पवित्र शास्त्राच्या निर्गम पुस्तकांत मिसरच्या राजाची हकीकत आहे. इस्राएल लोक वाढत चालले म्हणून त्याला भय वाटलें, आणि त्यानें सुइणींना आज्ञा केली कीं, इब्री स्त्रियांना मुलगा झाला तर त्यास मारून टाका. ट्रास्कचें भय आणि फारोचें भय एकाच जातीचें. दोघांनाहि मुलांचेंच भय वाटलें. परंतु फारोच्या हाताखालीं यंत्रें नव्हतीं. त्या सुइणी देवाचें भय बाळगणाऱ्या होत्या. त्यांनीं राजाची आज्ञा मोडली आणि मुलें जिवंत राखलीं. त्यांच्याजवळ ना शस्त्र होतें, ना विलक्षण शक्ति. माझ्या मतें, चित्रकथेंतील कोणत्याहि महावीराहून त्या थोर होत.

यास्तव, मुलांनो, अशी चित्रकथा पुन्हां हातीं आली तर मारामारीचीं चित्रें पाहून पान उलटूं नका. हें यंत्र कोणी बनविलें, कोणत्या भयानें बनविलें, आणि त्याला 'नको' म्हणावयास कोणी शिकविलें होतें काय, हे तीन प्रश्न विचारा. पालकांनाहि एक विनंती आहे. आज्ञाधारक मूल कोणाला नको असतें? आज्ञा पाळणें हा मोठाच गुण आहे व आम्हीं शिक्षक तो शिकवीत आलों आहों. परंतु एखाद्या दिवशीं आपलें मूल घरीं येऊन म्हणेल कीं, 'सगळे त्याला चोर म्हणत होते, मीं नाहीं म्हटलें,' त्या दिवशीं त्याला रागावूं नका. त्याला जवळ घ्या, आणि दुसऱ्या दिवशीं त्या मुलालाहि घरीं जेवावयास बोलवा.