माँटलिव्हाल्टिया : एका नामशेष पोवळ्याची ओळख

टेंभी नाक्याच्या परिसरातील सराफी दुकानांत अंगठीत जडवलेले तांबडे पोवळे आपण पाहिले असेल. ते रत्न म्हणून सर्वांना ठाऊक असते. ते एका सागरी प्राण्याने रचले आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला प्राण्यांच्या वर्गीकरणाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. पण 'हत्ती', 'नदी' आणि 'पाणी' हे तिन्ही शब्द ईकारान्त असूनही त्यांचे लिंग निराळे, हे आपण व्याकरणात शिकतोच. बाह्य रूप फसवे असते. पोवळ्यांच्या बाबतीतही तेच घडते, म्हणून हा विषय मी निवडला.

माँटलिव्हाल्टिया ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा समूह, फ्रेंच शास्त्रज्ञ लामूरू यांनी १८२१ साली स्थापिली. ठाण्याचा काळा पाषाण लाव्हारसाचा; त्यात सागरी जीवाश्मांची आशा नाही. शेजारच्या गुजरातेत, कच्छच्या ज्युरासिक खडकांत मात्र ही पोवळी मिळतात. तेथील प्रवाळांचे वर्णन जे. डब्ल्यू. ग्रेगरी यांनी १९०० साली प्रसिद्ध केले.

आता रचना पाहू. हा प्राणी वसाहत न करता एकेकटा राही. सांगाडा शिंगासारखा किंवा पेल्यासारखा असून वरच्या खळग्यात मऊ शरीर बसे. बाहेरून वळ्यांचे पातळ आवरण. आडवा काप घेतला, की परिघाकडून मध्याकडे जाणारे चुन्याचे पडदे दिसतात. जणू लिंबाची चकतीच. या पडद्यांच्या वरच्या कडा दातेरी असतात आणि दोन पडद्यांमध्ये फुगीर पापुद्रे असतात. मधला खांब बहुधा नसतो.

खरी मेख पडद्यांच्या मोजणीत आहे. येथे प्रथम ६, मग आणखी ६, पुढे १२, २४ अशी सहाच्या पटीत भर पडते. म्हणून ही प्रजाती आजच्या बहुतेक प्रवाळखडकांची रचना करणाऱ्या स्क्लेरॅक्टिनिया गणात बसते. याउलट रुगोसा गणातील कित्येक पोवळी बाहेरून अशीच शिंगासारखी. पण त्यांत पहिल्या ६ पडद्यांनंतरची भर ४ भागांतच पडते. सराफाकडील तांबडे पोवळे तिसऱ्याच शाखेचे : त्याच्या प्राण्याला ८ भुजा असतात, आणि सांगाड्यात असे पडदे नसतातच.

हा केवळ नावाचा वाद नव्हे. रुगोसा गण सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन काळाच्या अखेरीस नष्ट झाला. कच्छचे एखादे शिंगाकार पोवळे नुसत्या आकारावरून त्या गणात घातले, तर ज्या खडकात ते सापडले त्याचे वय निदान ८ कोटी वर्षांनी चुकेल. म्हणून अभ्यासक जीवाश्म हाती येताच नाव सांगत नाही. तो आधी काप घेतो, पडदे मोजतो आणि मगच त्याचे कुळ सांगतो.