याणची वाट : देव, रान आणि पाणी



सहलीनंतर आम्ही नववीच्या वर्गाला 'आमची याणची सहल' या विषयावर निबंध लिहावयास सांगितले होते. सगळ्या वह्या तपासल्या. जवळजवळ प्रत्येक वहीत 'निसर्गरम्य परिसर' आणि 'खूप मजा आली' ही दोन वाक्ये होतीच. एका मुलीने मात्र शेवटी लिहिले होते, "सर, देवळापाशी इतके गप्प का राहायचे, ते मला कळले नाही." प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर वर्गात एका तासात देता आले नाही, म्हणून हा पाठ.

वाट आणि खडक

मळमड्डीहून पहाटे निघून हुबळीमार्गे आपण सिरसीला पोहोचलो. तिथून याण सुमारे 40 किलोमीटर. सिरसी सोडल्यावर झाडी दाट होत जाते. शेवटचा टप्पा पायी. डोक्यावर पानांचे छप्पर, पायाखाली ओला पाचोळा, आणि धारवाडच्या उन्हातून आलेल्यांना एकदम जाणवणारा गारवा. मग झाडे बाजूला सरल्यासारखी होतात आणि समोर काळाकभिन्न खडक उभा राहतो. भैरवेश्वर शिखर 120 मीटर उंच, मोहिनी शिखर 90 मीटर. दुमजली इमारत 8 मीटर धरली, तर तशा पंधरा इमारती एकावर एक ठेवा, म्हणजे भैरवेश्वर शिखर होईल.

खडकाच्या पायथ्याशी गुहेत स्वयंभू शिवलिंग आहे. त्यावर खडकातून झिरपणारे पाणी पडत असते. गाभाऱ्याला छप्पर खडकाचे आणि अभिषेकही खडकाचाच.

भस्मासुराची कथा तुम्हांला ठाऊक आहे. ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन तो भस्म होईल, असा वर त्याने शंकराकडून मिळवला आणि तो शंकरावरच चालून गेला. विष्णूने मोहिनीचे रूप घेऊन त्याला नाचवले, नाचता नाचता त्याने स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवला आणि तो भस्म झाला. त्या आगीनेच इथले खडक काळे पडले, असे लोक सांगतात. भूगोलाच्या पुस्तकाच्या भाषेत हा चुनखडीचा खडक आहे. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते आणि चुनखडी हळूहळू विरघळवते. भेगा, कपारी आणि गुहा अशाच तयार होतात.

आमची चूक

खडकासमोर पोहोचताच मुलांनी प्रतिध्वनी ऐकण्यासाठी आरोळ्या ठोकायला सुरुवात केली. आम्हालाही त्यात वावगे वाटले नाही. तेवढ्यात तिथले एक वृद्ध गृहस्थ लगबगीने आले. ओठांवर बोट ठेवून त्यांनी वर पाहण्याची खूण केली. कड्याला मधमाश्यांची मोठमोठी पोळी लटकत होती. ते कानडीत म्हणाले, "गप्प राहायला इथे दोन कारणे आहेत. एक देव आणि दुसऱ्या या. देव क्षमा करील, या करणार नाहीत."

मुले हसली, पण गप्प झाली. परतताना वाटेवर वेफर्सच्या पिशव्या दिसल्या. त्यांतल्या काही आपल्याच होत्या. त्या वेचून आपण बसमध्ये आणल्या, हे खरे. पण त्या पडल्या होत्या, हेही तितकेच खरे. चूक मुलांची म्हणता येणार नाही. निघण्यापूर्वी आम्ही डबा, पाण्याची बाटली, ओळखपत्र या सगळ्यांच्या सूचना दिल्या होत्या. आपण कुठे चाललो आहोत, एवढे मात्र सांगायचे राहिले होते.

म्हणीतला सोक्कु

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातले. कानडी म्हणी आम्हाला इथल्या पालकांनी शिकवल्या. त्यांतली एक अशी : 'सोक्किद्दरे याण, रोक्किद्दरे गोकर्ण.' रोक्क म्हणजे रोकड. पैसा असेल तर गोकर्णाला जा, अंगात रग असेल तर याणला जा. पूर्वी याणला जायचे तर मैलोन्‌मैल जंगल तुडवावे लागे. जळवा आणि पाऊस सोसून जो येई, तो आपोआप नम्र होऊनच देवापुढे उभा राही.

1996 मध्ये 'नम्मूर मंदार हूवे' हा कानडी चित्रपट आला. त्याचे चित्रण याणला झाले होते. त्यानंतर याणचे नाव घरोघरी पोहोचले. आता गाडी बरीच जवळ जाते. पायांत रग नसली तरी चालते. पण कानडीत 'सोक्कु' या शब्दाचा दुसरा अर्थ आहे माज. वाट सोपी झाली, म्हणून पहिला सोक्कु घरी ठेवून दुसरा सोबत न्यायचा का, हे आपण ठरवायचे आहे.

देवाचे रान

डोंगरातल्या देवाभोवतीचे झाड तोडू नये, ही रीत सह्याद्रीत फार जुनी आहे. मराठीत अशा रानाला देवराई म्हणतात, कानडीत देवरकाडु. कोडगू जिल्ह्यात 1,200 हून अधिक देवरकाडु आहेत. महाराष्ट्रातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास 1970 च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी केला. आजूबाजूचे डोंगर बोडके झाले, तरी देवराईत जुने वृक्ष, मोठ्या वेली आणि औषधी वनस्पती टिकून राहिल्या, हे त्यांनी दाखवून दिले. काही देवरायांत कुऱ्हाड चालवायची नाही, एवढाच नियम असतो. काही ठिकाणी वाळलेली काटकीसुद्धा घरी नेत नाहीत. याणभोवतीचे सगळेच रान देवराई म्हणता येणार नाही, पण रीतीमागचा अर्थ तिथे डोळ्यांनी दिसतो.

तो अर्थ पाण्याचा आहे. बोडक्या डोंगरावर पडलेला पाऊस माती घेऊन धावत सुटतो. रानात तो आधी पानांवर पडतो, मग पाचोळ्यावर, मग मुळांच्या वाटेने जमिनीत मुरतो आणि पावसाळा संपल्यावर झऱ्याच्या रूपाने हळूहळू बाहेर येतो. कितीतरी देवरायांत झरा किंवा कुंड असते, ते उगाच नव्हे. याणजवळून निघालेला चंडी ओढा अघनाशिनी नदीला मिळतो. अघनाशिनी म्हणजे पापाचा नाश करणारी. या नदीवर मोठे धरण नाही. कुमठ्याजवळ तिच्या खाडीत शिंपले वेचून अनेक कुटुंबे पोट भरतात. ही खाडी 2024 मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, समाविष्ट झाली. शिंपले वेचणाऱ्या बाईने याण पाहिले नसेलही, पण तिच्या पायाशी येणाऱ्या पाण्यात याणच्या रानाचा वाटा आहे.

जपानचे उदाहरण

असाच विचार पूर्वेकडे जपानमध्येही आढळतो. तिथल्या शिंतो धर्मातील देवस्थानाभोवती राखलेल्या वनाला 'चिंजु नो मोरी' म्हणजे रक्षक देवतेचे वन म्हणतात. आत जाण्यापूर्वी हात धुवायचे, चूळ भरायची, आणि वाटेच्या मधून न चालता कडेने चालायचे, कारण मधली वाट देवाची. नारा प्रांतातील ओमिवा या अतिप्राचीन देवस्थानाला मुख्य गाभाराच नाही. मागचा मिवा डोंगर हाच देव. डोंगरावर जायचे तर नाव नोंदवावे लागते. वर खाणे आणि फोटो काढणे दोन्ही वर्ज्य.

पण तिथेही संकट आले होते. 1906 मध्ये जपान सरकारने लहान देवस्थाने मोठ्यांत विलीन करण्याचा हुकूम काढला. हजारो देवस्थाने बंद झाली आणि त्यांच्या वनांतील झाडे विकली गेली. मिनाकाता कुमागुसु या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याविरुद्ध लेख लिहिले, पत्रे पाठवली, आणि 1910 मध्ये काही दिवस तुरुंगवासही भोगला. देवस्थान गेले की वन जाते, वन गेले की गावाचे पाणी आणि गावाची एकी दोन्ही जातात, असे त्यांचे सांगणे होते. पुढे 1920 मध्ये सरकारने ते धोरण सोडले.

आपल्याकडे कोणी हुकूम काढलेला नाही. आपल्याकडे कधी कधी भक्तीच देवराई संपवते. लहान दगडी देवळाच्या जागी मोठे सिमेंटचे देऊळ, पुढे सभामंडप, गाड्यांसाठी जागा, फरशी. प्रत्येक वेळी थोडी झाडे जातात. देऊळ मोठे होते आणि देवाचे घर लहान होते, कारण देवाचे घर ते रानच होते.

तर त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हे. अशा ठिकाणी गप्प राहायचे, कारण आपण दुसऱ्याच्या घरी आलेले असतो. ते घर देवाचे, मधमाश्यांचे, झऱ्याचे आणि खाली खाडीत राहणाऱ्या माणसांचेही असते. पाहुण्याने आवाज किती करायचा, हे आईने आपल्याला घरीच शिकवलेले आहे.

स्वाध्याय

1. यासाठी याणला जाण्याची गरज नाही. धारवाडलाच सोमेश्वराच्या देवळापाशी शाल्मला नदीचा उगम मानला जातो. ती पुढे बेडतीला मिळते, आणि बेडती गंगावळी नावाने समुद्राला. आईवडिलांबरोबर सोमेश्वरला जा. पाणी दिसते का, कोणत्या महिन्यात दिसते, हे वहीत लिहा.

2. तिथली पाच झाडे ओळखून त्यांची नावे मराठीत आणि कानडीत लिहा. नाव येत नसेल तर आजीला किंवा आजोबांना विचारा.

3. दर्शन झाल्यावर दहा मिनिटे गप्प बसा. काय काय ऐकू आले, त्याची यादी करा.

वह्या आम्ही स्वतः तपासू. 'निसर्गरम्य परिसर' हे शब्द कृपया वापरू नयेत.