जुन्या स्टोव्हचे नवे रूप

स्वयंपाकाचा गॅस घरोघर येण्यापूर्वी ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील कित्येक चाळींतील सकाळ स्टोव्हच्या भरभर आवाजाने सुरू होई. हवा भरण्याचा पंप, छिद्र साफ करण्याची पिन आणि स्पिरिटमध्ये भिजवलेला काकडा ह्या वस्तू लहानथोरांच्या परिचयाच्या होत्या. पुढे गॅस आला आणि स्टोव्ह माळ्यावर गेला. त्यांपैकी काही स्टोव्ह प्रवासाचे असत. त्यांचे पाय दुमडता येत व सारा सरंजाम पत्र्याच्या लहानशा डब्यात मावे.

असा स्टोव्ह १८९२ साली स्वीडनमधील स्टॉकहोम शहरी फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट ह्याने तयार केला. त्याचे 'प्रायमस' हे नाव पुढे अशा सर्वच स्टोव्हना लोकांनी दिले. १९११ साली दक्षिण ध्रुवावर पोहोचलेल्या अमुंडसेनच्या सामानात प्रायमस होता. १९५३ साली एव्हरेस्टच्या अखेरच्या तळावर हिलरीचे बूट रात्रीत गोठून कडक झाले. ते त्याने प्रायमसच्याच ज्योतीवर धरून मऊ केले आणि मग तो तेनसिंगसह शिखराकडे निघाला.

ह्या यंत्राची करामत साधी आहे. पंपाने टाकीत हवा कोंबली, की तिच्या दाबाने रॉकेल नळीतून वर चढते. तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते. ती बारीक छिद्रातून वेगाने बाहेर पडते, हवेत मिसळते आणि निळ्या ज्योतीने जळते. म्हणून वातीच्या चुलीसारखी काजळी धरत नाही. परंतु ज्या दाबावर स्टोव्ह चालतो, त्याच दाबामुळे सदोष स्टोव्ह घातकही ठरतो.

म्हणूनच जुना स्टोव्ह हाती आला, की प्रथम रंगाचा डबा उघडू नये. प्रथम टाकी रिकामी करून साबणाच्या गरम पाण्याने धुवावी. पंपातील चामड्याची वाटी वाळून आक्रसलेली असते. ती तेलात भिजवून मऊ करावी, किंवा बदलावी. झाकणाचा झिजलेला वायसरही बदलावा. नंतर बर्नर काढून त्याची जागा बुचाने घट्ट बंद करावी, टाकीत थोडी हवा भरावी व ती पाण्यात बुडवावी. बुडबुडे आले, तर तेथे भेग आहे असे समजावे. भेग बुजवण्याचे काम जाणत्या कारागिराचेच आहे. मुलांनी हे सारे वडीलधाऱ्यांच्या सोबतीने पाहावे; एकट्याने करू नये.

आता रंगाकडे वळू. पितळी टाकीला रंग मुळीच देऊ नये. चिंच किंवा आमसूल लावून घासली, की ती सोन्यासारखी उजळते. रंग दिल्यास मात्र त्याखाली भेग दडून राहते. डब्याचा जुना रंग कोरडा खरवडू नये, कारण त्यात शिसे असण्याचा संभव असतो. तो ओला करून काचकागदाने घासावा व ते पाणी जपून टाकावे. पत्रा कोरडा झाल्यावर अस्तराचा एक हात द्यावा आणि तो पुरता वाळल्यावर रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. ज्योतीजवळच्या पायांना व जाळीला साधा तैलरंग चालत नाही. तो जळून धूर होतो. तेथे उष्णता सोसणारा रंगच हवा.

स्टोव्ह तयार झाला, की मोकळ्या जागी, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली तो पेटवावा. त्यात रॉकेलऐवजी पेट्रोल कधीही घालू नये. विझवताना हवेचा स्क्रू सैल करून दाब सोडावा. माहुली गड पाहण्यासाठी आसनगावला आगगाडीने जाताना मात्र तो घरीच ठेवावा. स्टोव्ह व रॉकेल गाडीतून नेण्यास मनाई आहे.

कामाचा हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आधी दोष शोधावा, मग तो दूर करावा आणि शेवटी रंग द्यावा. रंगाने वस्तूला शोभा येते. पण झाकलेला दोष नाहीसा होत नाही, तो फक्त दिसेनासा होतो.

स्वाध्याय
१. टाकीला रंग का देऊ नये?
२. स्टोव्हमध्ये रॉकेल वर कसे चढते?
३. तुमच्या घरातील एका जुन्या वस्तूची दुरुस्ती कशी करता येईल, ते दहा ओळींत लिहा.